प्रशिक्षण बेलिफापर्यंत पोहोचू द्या : मुंबई उच्च न्यायालयाला खान्देशातून खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती आणि प्रशासकीय कामकाज पाहणारे माननीय न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय
माननीय संचालक, महाराष्ट्र न्यायिक अकादमी, उत्तन

विषय : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील न्यायिक अधिकारी आणि न्यायालयीन कर्मचारी यांना दरवर्षी सक्तीचे प्रशिक्षण मिळण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालेला कर्मचारी. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात दाव्यांच्या दाखल शाखेत खिडकीवर बसलो, नक्कल विभाग पाहिला, नाझर शाखेत, म्हणजे न्यायालयाचे पैसे आणि समन्स-वॉरंट पाहणाऱ्या शाखेत होतो आणि बरीच वर्षे बेंच क्लर्क म्हणून रोजनामा, म्हणजे रोजच्या सुनावणीची नोंद, लिहिला. नोकरी सगळी खान्देशातच झाली. हे पत्र कोणत्याही प्रलंबित प्रकरणाविषयी नाही, कोणा न्यायाधीशांविरुद्ध वा सहकाऱ्यांविरुद्ध तक्रारही नाही. न्यायालयाचे मीठ खाल्ले आहे आणि त्या आवारात येणाऱ्या माणसांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत, म्हणून लिहितो आहे.

मागणी आधीच सांगतो. न्यायालयातल्या प्रत्येकाला, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपासून स्टेनो, लिपिक, समन्स बजावणारा बेलिफ आणि शिपायापर्यंत, दरवर्षी ठरावीक तासांचे प्रशिक्षण बंधनकारक करावे. त्यातला निम्मा तरी भाग खान्देशच्या प्रश्नांवर आणि खान्देशातच व्हावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ ने जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपवले आहे. म्हणून हे पत्र मंत्रालयाकडे न पाठवता आपल्याकडे पाठवतो आहे.

प्रशिक्षण होतच नाही, असे मी म्हणणार नाही. उत्तनला नवे न्यायाधीश जातात, अधूनमधून जुन्यांनाही बोलावणे येते. भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायाधीशांच्या कार्यशाळा भरतात, तिथे निबंध वाचले जातात, चर्चा होते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि नेमणुकीनंतर किमान एक वर्षाचे प्रशिक्षण झाल्याशिवाय न्यायासनावर बसवू नये, असेही सांगितले. उमेदवारीच्या काळाची सोय झाली, याचा आनंदच आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे काय? तिथे बोलावणे आले तर जायचे, नाही आले तर आपापले वाचायचे. आणि कर्मचारी? माझ्या पाहण्यातले बहुतेक कर्मचारी नोकरीत लागले त्या दिवशी जे शेजारच्या टेबलावरून ऐकले, त्यावरच निवृत्त झाले.

खेड्यातून आलेल्या माणसाला न्यायाधीश भेटतात ते फार उशिरा. त्याआधी त्याला शिपाई भेटतो, मग खिडकीवरचा लिपिक, मग पुकारा करणारा हवालदार. धडगाव किंवा मोलगीकडून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस खिडकीशी उभा राहतो, हातातला कागद पुढे करतो आणि काही न बोलता आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. त्याला मिळणारे नेहमीचे उत्तर ‘वकिलाला विचारा’. वकील करायला पैसे नाहीत म्हणूनच तो खिडकीशी आलेला असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्न विचारायचे नसते. ‘दादा, त्या खोलीत जा, तिथे फुकट वकील मिळेल’ एवढे एक वाक्य खिडकीतून निघाले, तर त्या माणसाची पुढची दोन वर्षे बदलतात. ते वाक्य निघत नाही, कारण लिपिकाला ते कोणी शिकवलेलेच नसते. त्यात दुष्टावा नसतो. सकाळपासून पन्नास माणसे खिडकीवर येऊन गेलेली असतात, पुढ्यात फायलींचा ढीग असतो, साहेबांचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सुरू व्हायचा असतो. अशा वेळी माणूस अंगवळणी पडलेले उत्तर देतो. चांगले उत्तर अंगवळणी पाडणे हे प्रशिक्षणाचे काम.

एका अहिराणी म्हातारबाबांना मी एकदा निकालाची नक्कल दिली. बाबा दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, ‘माले काहीच समजनं नही, भाऊ.’ निकाल मराठीत होता. शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने खालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली, ही मोठी गोष्ट. पण निकाल मराठीत लिहिणे वेगळे आणि पक्षकाराला कळेल असे लिहिणे वेगळे. दावा अंशतः मंजूर म्हणजे नेमके काय मिळाले, अपील करायचे तर किती दिवसांत, नकलेला लागलेले दिवस त्या मुदतीत कसे धरतात, हे सांगणारा माणूस न्यायालयात असलाच पाहिजे. आजही असे सांगणारे काही भले लोक आहेत, पण ती त्यांची वैयक्तिक भलाई झाली.

आता बेलिफाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही. दिवाणी दाव्याचे समन्स गावात घेऊन जाणारा हा माणूस. घरी प्रतिवादी नसला तर काय करायचे, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १५ मध्ये लिहिले आहे. प्रतिवादी वेळेवर मिळण्यासारखा नसेल आणि त्याचा मुखत्यार नसेल, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीवर, मग ती पुरुष असो वा स्त्री, समन्स बजावता येते. ‘पुरुष असो वा स्त्री’ हे १९७६ च्या दुरुस्तीने आले. तरी मी नाझर शाखेत असताना असे अहवाल पाहिले आहेत : ‘प्रतिवादी शेतात गेल्याचे कळले, घरी फक्त त्याची पत्नी होती, सबब समन्स न बजावता परत.’ घरात बाई उभी आहे, सज्ञान आहे, लिहिता-वाचता येते आणि समन्स परत. मग नवी तारीख, नवा भत्ता, पुन्हा खेप. वादी बिचारा वकिलाला म्हणतो, समोरच्याने बेलिफाला फितवले. कित्येकदा तसे काहीच नसते. बेलिफाला त्याच्या आधीच्या बेलिफाने तसे सांगितलेले असते, त्याला त्याच्या आधीच्याने.

फौजदारी समन्सांबाबत तर १ जुलै २०२४ पर्यंत कायद्यातच ‘सज्ञान पुरुष’ असे होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ ने ‘पुरुष’ ही अट काढली. ती समन्से पोलीस बजावतात, पण बजावणीचा अहवाल तपासून साहेबांपुढे ठेवणारा लिपिक न्यायालयाचा असतो. त्याला हा बदल माहीत नसेल, तर चुकीचा अहवाल तसाच पुढे सरकतो आणि खटला तिथेच अडतो. आता समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येते. त्याची नोंद कशी ठेवायची, समोरच्याला ते मिळाले हे कशावरून धरायचे, हे शिकवायला एक दिवस पुरे. तो एक दिवस कोणी द्यायचा?

उच्च न्यायालयाचे दिवाणी नियमपुस्तक आणि फौजदारी नियमपुस्तक, ज्यांना आम्ही सिव्हिल मॅन्युअल आणि क्रिमिनल मॅन्युअल म्हणतो, त्यांत कर्मचाऱ्याच्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरे आहेत. पुस्तके मात्र अधीक्षकांच्या कपाटात असतात. कनिष्ठ लिपिकाची भरती होते तेव्हा त्याची पदवी पाहतात आणि टंकलेखनाचा वेग पाहतात. नाझर शाखेत पैशाची पावती कशी फाडायची, मुद्देमाल कसा नोंदवायचा, दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, जप्तीचे वॉरंट कसे तयार करायचे, हे सगळे नंतर, जमेल तसे. डिसेंबर २०२३ मध्ये आपण राज्यभरातल्या जिल्हा न्यायालयांसाठी लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल मिळून ४,६२९ पदांची जाहिरात काढली होती. त्या भरतीतली पोरे-पोरी हुशार आहेत, स्पर्धा परीक्षा देत देत आलेली आहेत, त्यांना शिकायची भूक आहे. त्यांना आत्ताच नीट शिकवले नाही, तर पाच वर्षांत तीही ‘वकिलाला विचारा’ म्हणू लागतील.

नव्या फौजदारी कायद्यांनी तर सगळ्यांनाच पुन्हा शाळेत बसवले आहे. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम एकाच दिवशी लागू झाले. जुने गुन्हे जुन्या कायद्याने, नवे नव्याने, अशी दोन्ही कामे एकाच बोर्डावर चालतात. कलमांचे आकडे पाठ होतीलही, पण खरी अडचण वेगळीच आहे. आता झडती-जप्तीचे चित्रण करायचे आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, त्याचेही चित्रण व्हायचे आहे. हे सारे शेवटी पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड होऊन न्यायालयाच्या टेबलावर येते. लिपिक काय करतो? पाकिटात घालतो, पाकिटावर निशाणी क्रमांक लिहितो आणि दाभणाने दोरा ओवून फायलीत टाचतो. मी स्वतः पाहिले आहे, दाभण पाकिटातून आरपार गेलेले. पेन ड्राइव्ह थोडक्यात वाचला. फाइल पुढे गठ्ठ्यात बांधली जाते, गठ्ठा रॅकवर जातो आणि एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत काय होते, ते इथल्या कोणालाही विचारावे.

त्याच पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातल्या ६५-ब च्या प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात पक्के केले. ते प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचे, आपल्या औरंगाबाद खंडपीठातूनच वर गेलेले. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला. त्याचा भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश व्हॅल्यू हा फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा असतो, आतले एक अक्षर बदलले तरी तोही बदलतो. दाखल करून घेताना लिपिकाने भाग ‘ब’ कोरा आहे हे पाहिले आणि तिथेच हरकत काढली, तर चूक त्या दिवशी दुरुस्त होते. तेच साक्षीपुराव्याच्या वेळी उघडकीला आले तर अर्ज, म्हणणे, युक्तिवाद आणि तारखा सुरू होतात.

ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. संगणक येतील, स्कॅनर येतील, येतच आहेत. त्या यंत्रापुढे बसणाऱ्या माणसावर किती खर्च होणार, हा प्रश्न मी आदराने विचारतो.

न्यायाधीशांविषयी लिहिताना माझा हात थोडा थबकतो, कारण मी त्यांच्या पायरीखाली बसून काम केले आहे. पण बसायची जागा तीच असल्यामुळे जे दिसले, ते लिहिले पाहिजे. न्यायाधीशांची सर्वसाधारण तीन वर्षांनी बदली होते. कोकणातून, सोलापुरातून, विदर्भातून माणूस नंदुरबार जिल्ह्यात येतो. चांगला शिकलेला, प्रामाणिक, पहाटे उठून निकाल लिहिणारा. त्याच्यापुढे पहिल्याच आठवड्यात एखाद्या भिल्ल किंवा पावरा जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज येतो, वकिलाने सवयीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली टाकलेला. त्याच कायद्याचे कलम २(२) सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. हे ध्यानात यायला कधी तीन महिने लागतात, कधी तीन वर्षे. बरे, तेवढे कळूनही भागत नाही. प्रथा आहे असे म्हणणाऱ्याने ती मांडली आणि सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सूरजमणी स्टेला कुजूर प्रकरणात सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी लबिश्वर मांझी प्रकरणात हिंदू चालीरीती पाळणाऱ्या संथाळ कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू धरला होता. आणि जुलै २०२५ मध्ये राम चरण प्रकरणात निकाल आला की, मुलीला वाटा न देण्याची प्रथा सिद्ध झालेली नसताना आदिवासी स्त्रीच्या वारसांना मालमत्तेतला समान हिस्सा नाकारता येणार नाही. पंचवीस वर्षांत कायदा कुठून कुठे आला. पुण्यातल्या न्यायाधीशाला यातले काही अडत नसेल, शहादा-नवापूरच्या न्यायाधीशाचे मात्र रोज अडते.

तसेच वनहक्काचे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(५) म्हणते की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवाशाला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. इकडे १९२७ च्या वन कायद्याखाली अतिक्रमणाचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू असतो. आरोपीच्या पिशवीत ग्रामसभेने दिलेली दाव्याची पोच असते, घामाने चिकटलेली, घडीवर फाटलेली. ती दाखवायची असते हे त्याला माहीत नसते, आणि ती पाहायची असते हे समोरच्याला माहीत असेलच असे नाही. या कायद्याच्या नियमांत गावातल्या जाणत्या माणसांचे लेखी निवेदनसुद्धा पुरावा म्हणून धरले आहे. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधन घालणारे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा, पेसा म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आणि त्याचे राज्याचे २०१४ चे नियम, एवढे सगळे सातपुड्याच्या पायथ्याशी बसणाऱ्या न्यायाधीशाच्या पहिल्या दिवसाच्या तयारीत असले पाहिजे. उत्तनच्या अभ्यासक्रमात या विषयांना जागा मिळत असेल, नसेल. नंदुरबारमध्ये मात्र रुजू व्हायच्या आधीच चार दिवस यासाठी मिळालेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून मोठा. पावरी, भिलोरी, मावची, कोकणा आदिवासींची कोकणी, गुजर, लेवा आणि अहिराणी, इतक्या बोली या तीन जिल्ह्यांच्या न्यायालयांत साक्षीच्या पिंजऱ्यात बोलल्या जातात. एका खटल्यात सातपुड्यातली एक बाई साक्षीला उभी होती. तिला मराठी येत नव्हते. पावरी जाणणारा न्यायालयात कोणी नव्हता, तेव्हा बाहेर बंदोबस्तावरच्या पोलीस शिपायाला आत बोलावले. तो तिकडचाच. बाई हात वर करून, खिडकीकडे बोट दाखवून, मधेच डोळे पुसून बराच वेळ बोलली. शिपाई म्हणाला, ‘साहेब, नाही म्हणते.’ स्टेनोने टाइप केले, ‘हे म्हणणे खरे नाही.’ आरोपीच्या वकिलांनी तिथेच हरकत घेतली आणि ती रास्त होती : खटला पोलिसांचा, साक्षीदार पोलिसांची आणि दुभाषीही पोलीस. न्यायाधीशांनी काम थांबवून पुढची तारीख दिली. ती बाई मुलाला कडेवर घेऊन पुन्हा डोंगर उतरून आली.

१९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदारासारखीच दुभाष्यालाही शपथ द्यायची असते. किती रोजनाम्यांत तशी नोंद सापडेल? आरोपीला न समजणाऱ्या भाषेत पुरावा झाला तर तो त्याला समजणाऱ्या भाषेत उघड न्यायालयात सांगायचा असतो, हेही जुनेच आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांत, म्हणजे पोक्सोमध्ये, मुलाच्या साक्षीसाठी गरज पडल्यास दुभाष्या किंवा तज्ज्ञ घ्यायची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. तरतुदी भरपूर आहेत, पण शपथ घेतलेले, फी ठरलेले, अक्षरशः सांगायचे म्हणजे काय हे शिकलेले दुभाषी नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडचे किती तरी शिक्षक, आशा कार्यकर्त्या, निवृत्त ग्रामसेवक हे काम करू शकतील. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात आहे. त्यांच्याबरोबर बसून दुभाष्यांचा छोटा अभ्यासक्रम तयार करता येईल. आणि न्यायाधीशांनी पावरी शिकावी असे मी म्हणत नाही. दुभाष्याकडून काम कसे करून घ्यायचे, लांब उत्तराचे तीन शब्द झाले तर कुठे थांबवायचे, ‘ती काय काय म्हणाली ते सगळे सांगा’ असे कसे विचारायचे, एवढे शिकावे.

पोक्सोचे नाव निघाले म्हणून थोडे आणखी. प्रश्न वकिलाने थेट मुलाला न विचारता न्यायालयामार्फत विचारायचे, मुलाची आरोपीशी नजरानजर होऊ द्यायची नाही, हे कायद्यात आहे. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रे व्हावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. खोली होईल, पडदा लागेल, खेळणी येतील. त्या मुलीला दारातून आत नेणाऱ्या हवालदाराने तिच्याशी कोणत्या आवाजात बोलायचे, तिच्या आईला व्हरांड्यात आरोपीच्या नातेवाइकांशेजारी बसवायचे की नाही, हे कोण शिकवणार? कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारण तीन दिवसांत ठेवायची आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करायचा, असे २००५ चा कायदा म्हणतो. तारीख लावताना आमच्या लिपिकांच्या डोळ्यांपुढे तो आकडा नसतो, मोकळी तारीख असते.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये अपर्णा भट प्रकरणात, विनयभंगाच्या आरोपीने फिर्यादी बाईकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अट रद्द केली आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात स्त्रियांविषयीच्या संवेदनशीलतेचा समावेश असावा, असे सांगितले. पुढे सतेंद्रकुमार अंतिल प्रकरणात, २१ मार्च २०२३ च्या आदेशात, जामिनाचे निर्देश न पाळणाऱ्या दंडाधिकाऱ्यांकडून न्यायिक काम काढून घेऊन त्यांना काही काळ न्यायिक अकादमीत पाठवावे लागेल, असा इशारा दिला. इशारा योग्यच होता. पण त्यातून एक समज पसरतो, आणि तो मला खुपतो. अकादमीत पाठवले म्हणजे काहीतरी चुकले, अशी कुजबुज सुरू होते. सगळ्यांनाच दरवर्षी जायचे असेल, तर ही कुजबुज आपोआप थांबेल. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी टिकवायला डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींसाठी २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वर्षाला किमान ५० तासांची व्यावसायिक तयारी सांगते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

यावर काय म्हटले जाईल, याची मला कल्पना आहे. खटले तुंबले आहेत आणि तुम्ही न्यायाधीशांना वर्गात बसवा म्हणता. खरे आहे, एक कोर्ट दिवसभर रिकामे राहिले की बोर्डावरच्या साऱ्यांना पुढची तारीख मिळते. म्हणून मी सलग पंधरा दिवस मागत नाही. पहिला आणि तिसरा शनिवार कामाचा असतो. महिन्यातून एका शनिवारी अर्धी न्यायालये आणि निम्मे कर्मचारी, पुढच्या खेपेला उरलेले. त्या दिवशीचा बोर्ड महिनाभर आधीच हलका ठेवावा, म्हणजे साक्षीदार फुकट येणार नाही. सुट्ट्यांवर मात्र घाला घालू नये. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांनाही घर आहे, आणि थकलेला माणूस वर्गात बसतो पण ऐकत नाही. शिवाय न बजावता परतलेल्या समन्साने, कोऱ्या प्रमाणपत्राने आणि दुभाष्यावाचून जितक्या तारखा रोज वाया जातात, त्यापुढे हा वेळ काहीच नाही.

कोणी म्हणेल, ऑनलाइन घ्या, खर्च वाचेल. ऑनलाइनचा अनुभव सांगतो. लिंक येते, संगणकाच्या एका खिडकीत व्याख्यान चालू, दुसऱ्या खिडकीत सीआयएसमध्ये, म्हणजे खटल्यांच्या नोंदीच्या संगणक प्रणालीत, पुढच्या तारखांची नोंद चालू, समोर काउंटरवर रांग उभी. संध्याकाळी प्रमाणपत्र डाउनलोड होते. व्याख्यानाचा आवाज बंदच होता. कायद्यातला एखादा बदल कळवायला ऑनलाइन पुरेल. समन्सचा अहवाल लिहायचा, साक्षीदाराशी बोलायचे, पुरावा सांभाळायचा, हे समोरासमोर, हातात कागद घेऊनच शिकता येते.

न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही निघेल. कोणता निकाल द्यायचा हे कोणी शिकवू नये, यात दुमत नाही. म्हणूनच हे काम सरकारच्या कोणत्याही खात्याकडे न जाता उच्च न्यायालयाकडे आणि अकादमीकडेच राहावे.

जागा धुळ्यात असावी, असे मला वाटते. जळगावकरांना हे रुचणार नाही, पण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात मिळतात. नवापूरहून असो की रावेरहून, सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत पोहोचतो. उत्तनला जायचे तर लहान मुलाची आई असलेली स्टेनो आधी नकाराचेच कारण शोधते, आणि तिचे चुकत नाही. मोठी इमारत नको. एक सभागृह, दोन वर्ग आणि खोटे खटले चालवून पाहायला एक रिकामी कोर्टरूम पुरेल. न्यायाधीशांना वर्षाला किमान ४० तास, लिपिक-स्टेनोंना २४ आणि बेलिफ-शिपायांना १२ अशी सुरुवात करावी. शिकवणाऱ्यांत निवृत्त न्यायाधीश आणि ज्येष्ठ वकील तर हवेतच, पण तीस वर्षे समन्स बजावलेला चोख बेलिफही हवा, अक्कलकुव्याचा विधी स्वयंसेवकही हवा आणि गावच्या ग्रामसभेत वनहक्काचे दावे लिहिलेला माणूसही हवा. न्यायाधीश आणि कर्मचारी वर्षातून एक दिवस तरी एकाच वर्गात बसावेत. लिपिक कुठे अडतो हे साहेबांना कळेल आणि साहेबांना कशाची घाई आहे हे लिपिकाला.

शेवटी परीक्षा घेऊन चार पर्यायांतून एक निवडायला लावू नये. प्रत्येक बेलिफाचे वर्षातले काही अहवाल, प्रत्येक बेंच क्लर्कचे काही रोजनामे काढून पाहावेत, सुधारणा झाली का ते तपासावे आणि त्याची नोंद गोपनीय अहवालात घ्यावी. जो चांगले काम करेल त्याचे कौतुकही लेखी व्हावे. आमच्या खात्यात मेमो लेखी मिळतो आणि शाबासकी तोंडी, हे बदलले तर फार लोकांना बरे वाटेल.

माझी विनंती इतकीच की, येत्या उन्हाळ्याच्या सुटीआधी आपण याबद्दल परिपत्रक काढावे आणि पहिली तुकडी बेलिफांची घ्यावी. धुळे जिल्ह्यातल्या कोणत्याही न्यायालयात मला बोलावले, तर नाझर शाखेचे काम शिकवायला मी विनामोबदला येईन. माझ्यासारखे आणखी काही निवृत्त सहकारी तयार आहेत, त्यांची नावे मी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयाकडे देतो.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त न्यायालयीन कर्मचारी
तालुका साक्री, जिल्हा धुळे